पंच्याऐंशीची बाटली

मखमलाबाद, नाशिक
१० ऑक्टोबर २००४

प्रिय मनी,
अनेक आशीर्वाद.

तुझा फोन आला तेव्हा मी वायनरीत पिंपांच्या खोलीत होतो. फोन आईने घेतला. निरोप काय दिला, तर "मनी बरी हाय, तिकडं लय थंडी हाय." झालं. एवढ्या लांबून एवढंच बोललात का गं मायलेकी? म्हणून पत्र लिहितो. कागदावर तुझ्याशी नीट भांडता तरी येतं.

घरचं नेहमीचंच. शुभांगीचं शाळेत शिकवणं, संजनाची नववी, आईची शेवंती. यंदा शेवंती अशी आलीय की आई फुलबाजारातल्या व्यापाऱ्यांशी मान वर करून बोलते. अंबडचा औषध कारखाना सोडून मी वायनरीत गेलो तेव्हा भावकीने वेड्यात काढलं होतं, आठवतं? "गोळ्या सोडून दारू गाळायला चालला." आता त्यांचीच पोरं नोकरी लावून द्या म्हणून दारात येतात. मी त्यांना चहा पाजतो आणि गोळ्यांचे फायदे सांगतो.

आता कामाचं. आमच्या शेठने मागच्या मोसमातल्या निवडक द्राक्षांची रेड वाईन लाकडी पिंपांत घालून ठेवलीय. पुढच्या पावसाळ्यात ती बाटल्यांत भरायची. कुठलं पिंप तयार झालं, कुठलं अजून कच्चं, हे सांगायचं माझ्यावर आहे. पण मने, मी आयुष्यात जुनी वाईन चाखलेलीच नाही! आमच्याकडे सगळ्यांत म्हातारी बाटली चार वर्षांची. ज्याने कधी म्हातारा पाहिला नाही तो वय कसं ओळखणार? परदेशी पाहुणे येतात, ग्लास फिरवतात, माना डोलावतात. पण पिकलेली वाईन आणि मेलेली वाईन यांत फरक काय, ते कोणी सांगत नाही.

तू द्राक्षांच्या मुलखात म्हाताऱ्यांची शुश्रूषा करतेस. त्यांत एखादा तरी जुना वाईनवाला असेलच. त्याला विचार.

श्रावणातली सर्दी अजून हटली नाही. डोकं जड असतं. आई रोज निलगिरीचा वाफारा देते आणि वर "नीट घे" म्हणून ओरडते.

तुझा,
कुंदनदादा

*

आल्बाजवळ, इटली
१४ नोव्हेंबर २००४

प्रिय दादा,
स. न. वि. वि.

तू विचारलंस आणि माणूस सापडला. तोही माझ्याच मजल्यावर. बत्तिस्ता नाव. नव्वदीला टेकलेत. सगळा जन्म द्राक्षमळ्यात गेला, आता पाय गेलेत. मी त्यांना आजोबाच म्हणते, त्यांनी तो शब्द उचललाय आणि आता मलाच "आजोबा" म्हणून हाक मारतात. त्यांचे हात हुबेहूब आपल्या आप्पांसारखे आहेत. नखांत माती नाही, पण असायला हवी असं वाटतं.

भाऊ हिंदुस्थानात वाईन करतो म्हटल्यावर आधी ते मनसोक्त हसले. मग तुझा प्रश्न सांगितला आणि हसू थांबलं. म्हणाले, "हे विचारणारा माणूस कामाचा आहे." पुतण्याला निरोप धाडून तळघरातल्या दोन बाटल्या मागवल्या. बारोलो, म्हणजे इथली नावाजलेली रेड वाईन, १९८५ सालची. एक आम्ही रविवारी जेवणाआधी उघडली.

तुझ्यासाठी सगळं लक्षात ठेवलं. बाटली दोन दिवस उभी ठेवली होती, गाळ तळाला बसावा म्हणून. ओतली हळूहळू. पांढऱ्या रुमालावर ग्लास तिरका धरायला लावला. "मध्य नको बघूस, काठ बघ," म्हणाले. तरुण वाईनचा काठ जांभळा असतो. वय चढलं की विटकरी होतो, मग नारिंगी. तपकिरी रंग मध्यापर्यंत शिरला तर समजायचं, गेली. आमची काठाला विटकरी होती, मध्ये अजून लाल.

वास आधी आलाच नाही. मला वाटलं, मेली. ते म्हणाले, "इतकी वर्षं झोपलेलीला उठायला वेळ दे." अर्ध्या तासाने उठली. वाळलेला गुलाब, डांबर, पावसात भिजलेली पानं. फळाचा वास मागे जातो आणि मातीचा पुढे येतो, पण फळ अगदी नाहीसं होता कामा नये. आणि ओल्या पुठ्ठ्यासारखा, कुबट वास आला तर बूच खराब. ती बाटली सरळ ओतून द्यायची. चवीला तुरट हवी, पण तो तुरटपणा टोचता कामा नये.

त्यांनी बजावलं होतं की भावाला काही सांगू नकोस, त्याचं त्याला लिहू दे. मी मात्र सगळं लिहून बसले! आता तू हे विसर आणि तुझं लिही. दुसरी बाटली माझ्या सोबतची केरळची सिस्टर नाताळला मुंबईला येतेय, तिच्याबरोबर पाठवते. आजोबा तुझ्या निकालाची वाट बघतायत.

सर्दीला वाफारा पुरे झाला. डॉक्टरला दाखव.

तुझी,
मनी

*

मखमलाबाद
९ जानेवारी २००५

प्रिय मनी,

बाटली सुखरूप आली. मुंबईहून येताना मांडीवर घेऊन बसलो होतो. कसाऱ्याला एका बाईने विचारलं, "औषध आहे का हो?" म्हटलं, "हो, म्हाताऱ्यांचं."

काल दुपारी उघडली. आई, शुभांगी, संजना सगळ्यांना बोलावलं. घरात इटलीचा पाहुणा रोज थोडाच येतो?

रंगाचं काय सांगू! मध्ये पिकल्या डाळिंबाचा दाणा. काठाकडे येताना भट्टीतून नुकत्या काढलेल्या विटेसारखा, आणि अगदी कडेला आईच्या जुन्या शेवंतीची पाकळी सुकताना होते ना, तसा. मी खिडकीत धरून कितीतरी वेळ बघत होतो. चव म्हणशील तर आवळा खाऊन वर पाणी प्यावं तशी. तुरटपणा दातांवर येतो, थांबतो, आणि मग गोडसर होत निघून जातो.

वास वाळलेल्या गुलाबाचा, डांबराचा, पावसात भिजलेल्या पानांचा. फळ मागे गेलंय, माती पुढे आलीय, पण फळ नाहीसं झालेलं नाही.

निकाल असा : पिकलेली आहे, मेलेली नाही. आणखी पाच वर्षं ठेवली तरी चालेल. आजोबांना माझा नमस्कार सांग.

तुझा,
दादा

*

आल्बाजवळ
६ फेब्रुवारी २००५

प्रिय दादा,

तुझं पत्र आजोबांना शब्दन् शब्द समजावून सांगितलं. शेवंतीची पाकळी त्यांना फार आवडली. आवळ्याला इथे शब्दच नाही. लिंबू, कच्चं सफरचंद, काय काय सांगून पाहिलं. शेवटी म्हणाले, "कळलं. खाऊन वर पाणी गोड लागतं, असं फळ. चांगलं सांगतो तुझा भाऊ."

पण म्हातारं माणूस ते म्हातारंच. वासाचा भाग त्यांनी दोनदा वाचून घेतला आणि तोंड वाकडं केलं. म्हणाले, "रंग त्याने पाहिला. चव त्याने घेतली. वास मात्र माझा आहे. माझाच मला परत पाठवलाय." मी म्हटलं, एकाच तळघरातल्या बाटल्या, वास वेगळा कसा येईल? तर म्हणाले, "माझ्या शेजारच्यालाही तोच वास येत नाही. त्याला त्याच्या आईच्या कपाटाचा येतो. तुझ्या भावाला विचार, त्याला त्याच्या गावातलं काय आठवलं?"

मला हसू आलं. तू लहानपणी डोळे मिटून फुलांच्या पाट्यांतून हिंडायचास आणि कुठली पाटी कोणाच्या मळ्यातली ते सांगायचास. आप्पा पैज लावायचे लोकांशी. आजोबांना हे काय माहीत? पण म्हाताऱ्याचा हट्ट आहे, तेव्हा एक ओळ लिहून टाक, बिचारे खूश होतील.

तुझी,
मनी

*

मखमलाबाद
२५ फेब्रुवारी २००५

मनीषा,

तुझ्या म्हाताऱ्याला सांग, मी शाळेत परीक्षेला बसलेलो नाही. वास जो आला तो लिहिला. द्राक्षांचा हंगाम चालू आहे, रोज टेम्पो येतायत, पुन्हा पुन्हा तेच विचारू नकोस.

कुंदन

*

मखमलाबाद
१ मार्च २००५

प्रिय मनीषाताई,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र मी शाळेतून लिहिते आहे. यांना सांगितलेलं नाही. यांनी तुम्हाला चिडून काही लिहिलं असणार, कारण तुमचं पत्र आल्या दिवशी ते जेवले नाहीत. आणि संजनावर हात उगारला. ताई, या माणसाने आजवर पोरीला कधी "अगं" सोडून "ए" म्हटलेलं नाही.

त्या बाटलीचं खरं सांगते. बूच काढलं आणि कुबट वास आला. पावसात भिजून पडलेल्या गोणपाटाचा. खोलीभर पसरला. संजनाने नाक दाबलं. सासूबाई म्हणाल्या, "इटलीची असली म्हणून काय झालं, कुंदन, खराब झाली हाय ती." हे हसले. "जुन्या वाईनचा असाच असतो, तुम्हाला नाही कळायचं." मग ग्लास खिडकीत धरून बसले आणि तुमचं आधीचं पत्र शेजारी ठेवून लिहायला लागले. मला वाटलं, असेल बाई, आपल्याला काय त्यातलं कळतं? उरलेली मी मोरीत ओतली तरी दोन दिवस मोरीला वास होता.

पण गेल्या आठवड्यात शाळेतून घरी आले, तर पायरीवरच गॅसचा उग्र वास. आत धावले. शेगडीचं बटण अर्धवट उघडं, आणि हे ओट्याला खुर्ची लावून पेपर वाचत बसलेले. मी किंचाळले तेव्हा मान वर करून विचारतात, "काय झालं?"

सकाळी उठल्याउठल्या कपाळ धरून बसतात. कधी ओकारी होते. बोलता बोलता मध्येच थांबतात आणि थांबलोय हेही त्यांच्या लक्षात येत नाही. डॉक्टरचं नाव काढलं की अंगावर येतात. तुम्ही नर्स आहात. तुमचं ऐकतील. हे काय आहे?

तुमची,
शुभांगी

*

आल्बाजवळ
१४ मार्च २००५

प्रिय दादा,

तीनदा फोन केला. तिन्ही वेळा आईने "तो घरी नाय" सांगितलं आणि तिसऱ्यांदा तिच्या मागे तू खोकलास. म्हणून लिहिते. शेवटपर्यंत वाच.

वहिनीवर चिडू नकोस. तिने मला गॅसचं सांगितलं, बाटलीचंही सांगितलं. आजोबांना मी ते सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "बूच खराब असेल तर तो वास रस्त्यावरच्या कुत्र्यालाही येतो. वाईनचं सोड. तुझ्या भावाला वाचव."

दादा, डोळे मिटून एक नाकपुडी बंद कर आणि दुसरीने कॉफीची पूड हुंग. मग दुसरी. नसेल येत, तर ही सर्दी नाही. सर्दीने गेलेला वास येतो जातो. सात महिने जात नाही, आणि त्याच्याबरोबर सकाळी डोकं दुखत नाही, ओकाऱ्या होत नाहीत, माणूस पोरीवर हात उगारत नाही. नाकाच्या वर, मेंदूच्या पुढच्या भागाखाली गाठ होते. मी असे पेशंट पाहिलेत. बहुतेकदा साधी असते, कॅन्सरची नसते, कापून निघते. पण हळूहळू वाढते. वाट बघितली तर डोळ्यांच्या शिरा दाबते आणि माणसाचा स्वभावच खाते.

स्कॅन कर. नाशिकमध्ये होतो. एका सकाळचं काम आहे. माझी शपथ आहे.

मनी

*

मखमलाबाद
१० मे २००५

प्रिय मनी,

कॉफी हुंगली. दोन्हीकडून काही नाही. तसं ते मला आधीच ठाऊक होतं.

पहिल्यांदा आईची शेवंती गेली. गेल्या पावसाळ्यात ती पाटी घेऊन दारात उभी होती आणि मला ती फक्त दिसली. वाटलं, सर्दी. मग संजनाच्या डोक्याचं तेल गेलं, फोडणी गेली. शेवटी पिंपांची खोली. मी ती पाच वर्षं अंधारातसुद्धा ओळखत होतो. एक दिवस आत शिरलो तर नुसती गार खोली. आपल्याच घरात शिरावं आणि ते परक्याचं निघावं, तसं झालं. मी तिथे उभा राहून रडलो. हे कोणाला सांगितलेलं नाही.

पण रंग दिसतो, जीभ शाबूत आहे, आणि मोजायची यंत्रं आहेत. वासासाठी भिकन आहे. भिकन आमचा पिंपं धुणारा गडी. तो झाकण काढतो आणि मी त्याच्या तोंडाकडे बघतो. भुवई चढली की ते पिंप बाजूला. त्याला वाटतं, साहेब विचार करतोय. आजवर एकदाही चूक झालेली नाही.

शुभांगीने स्कॅनची वेळ घेतली होती. मी गेलो नाही. ऐकून घे. जुलैअखेर ही वाईन बाटल्यांत भरायची आहे. शेठ बाटलीच्या मागच्या लेबलवर माझं नाव छापणार आहे. "चाखून पारखली, कुंदन गोटीराम," असं. आप्पांनी जन्मभर फुलं पिकवली, त्यांचं नाव पाटीवर तरी कधी लागलं का? आज नाकाचं बाहेर कळलं तर ते लेबल दुसऱ्याचं होईल. आणि मग मी कोण? वास न येणारा वाईनवाला? बुचांच्या दुकानात तरी ठेवतील का मला?

बाटल्या भरल्या की दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जातो. शब्द देतो. दोन महिन्यांनी काय होतंय?

तुझा,
दादा

*

मुंबई
२८ ऑगस्ट २००५

प्रिय मनीषाताई,

फोनवर जेवढं सांगता आलं तेवढं तुम्हाला ठाऊक आहे. बाकीचं लिहिते. इथे दवाखान्यात बसून राहण्याशिवाय काम नाही.

बाटल्या भरायच्या आठवड्यात भिकनची आई गेली आणि तो गावाकडे गेला. शेठ थांबायला तयार नव्हते. यांनी एकट्याने पिंपं पारखली आणि सगळी पास केली. त्यांतल्या एकाला आतून बुरशी धरली होती. ते सगळ्यांबरोबर मोठ्या टाकीत मिसळलं आणि सगळीच वाईन नासली.

ते कळलं तेही भरल्या बैठकीत. हॉटेलवाले आले होते, पेपरवाले आले होते. यांनी स्वतःच्या हाताने पहिली बाटली उघडली. एकेकाने ग्लास तोंडाशी नेला आणि खाली ठेवला. शेठ यांच्याकडे वळून म्हणाले, "कुंदनराव, जरा तुम्ही हुंगून बघा." यांनी हुंगलं. सगळ्यांच्या तोंडांकडे पाहिलं. आणि म्हणाले, "उत्तम आहे." कोणीतरी हसलं. एक जण म्हणाला, "पिऊन पिऊन नाक गेलं वाटतं याचं." ताई, हा माणूस थेंब चाखून थुंकून टाकतो. उभ्या जन्मात हे कधी झिंगले नाहीत.

तसेच स्कूटरवर निघाले. पेठ नाक्याला डावीकडून हातगाडी येत होती, ती यांना दिसलीच नाही. पाय मोडला, डोक्याला लागलं. डॉक्टरांनी डोक्याचा फोटो काढला तो मार किती लागलाय ते बघायला. त्यात गाठ दिसली. संत्र्याएवढी. तुम्ही सांगितलीत तिथेच. डावा डोळा जवळपास गेलेलाच होता, म्हणाले. यांनी तेही कोणाला कळू दिलं नव्हतं.

म्हणून मुंबईला आणलं. परवा ऑपरेशन आहे. काल मला म्हणाले, "मनीला सांग, दोन महिनेच मागितले होते." मग तोंड फिरवलं.

सासूबाईंना घरी ठेवलंय. त्या रोज फोनवर एकच विचारतात, "त्याला वास यील ना परत?" डॉक्टर म्हणतात, वास येणार नाही. जगले तरी पुष्कळ.

शुभांगी

*

आल्बाजवळ
२० सप्टेंबर २००५

प्रिय वहिनी,

गाठ पूर्ण निघाली आणि दादाने डोळे उघडले, हे ऐकून मी तशीच आजोबांच्या खोलीत धावले.

मला येता येत नाहीये. माझे इथे राहण्याचे कागद नवे करायला दिलेत. ते हातात पडायच्या आधी देश सोडला तर परत घेणार नाहीत. कचेरीत तीनदा जाऊन आले. खिडकीतला माणूस खांदे उडवतो. तुम्ही एकटीने सगळं ओढताय आणि मी इथे परक्यांच्या बापांना अंघोळी घालतेय.

बत्तिस्ताआजोबा मागच्या सोमवारी गेले. दादाचं ऑपरेशन झाल्याचं त्यांना सांगता आलं. त्यांनी विचारलं, "नाक?" मी मान हलवली. त्यांनी माझा हात धरला.

पेशंट उठून बसायला लागला की घरच्यांना वाटतं, संपलं. संपत नाही. मेंदूला सूज असते, सहा महिने धीर धरा. त्यांच्याशी बोलत राहा. चिडले तर चिडू दे.

तुमची,
मनीषा

*

मखमलाबाद
११ डिसेंबर २००५

प्रिय मनीषाताई,

तुम्ही लिहिलं होतं, चिडले तर चिडू दे. तेच तर होत नाही.

हे चिडत नाहीत. हट्ट करत नाहीत. जेवायला वाढलं तर जेवतात, नाही वाढलं तर मागत नाहीत. परवा मी मुद्दाम मीठ न घालता भाजी केली. सगळी खाल्ली. पाय बरा झालाय, चालतात. बोललं तर नीट उत्तर देतात, सगळं आठवतंही. शेजारणी म्हणतात, "किती शांत झालेत हो, बरं झालं." मला त्यांच्या झिंज्या धराव्याशा वाटतात.

शेठ आले होते. आजार होता हे आम्हाला ठाऊक नव्हतं म्हणाले, हात जोडले. भिकन मागे उभा राहून रडत होता. हे त्याच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बसा. चहा घेता?"

डॉक्टर म्हणतात, गाठीने मेंदूचा तो भाग फार दिवस दाबला होता. थोडं सुधारेल. किती, ते सांगता येत नाही. गेल्या मार्चमध्ये आले असते तर, म्हणाले.

संजना त्यांच्याशी खूप बोलते. शाळेतल्या नकला करून दाखवते. ते बघतात. ती खोलीबाहेर येते तेव्हा तिचा चेहरा मला बघवत नाही.

तुमचे कागद झाले का? मी त्यांना पत्र लिहायला सांगणार आहे. तुम्हाला लिहिताना कदाचित जुनं काही जागं होईल.

शुभांगी

*

मखमलाबाद
२२ जानेवारी २००६

प्रिय मनी,

शुभांगीने कागद समोर ठेवला आणि लिहा म्हणाली. म्हणून लिहितो. मी बरा आहे. डाव्या डोळ्याने दिसत नाही. ओळ खाली जाते, सांभाळून घे.

सकाळी आईबरोबर फुलं निवडतो. ती थांब म्हणाली की थांबतो. दुपारी झोपतो. संजनाला भाषणात बक्षीस मिळालं. तिने ते मला दाखवलं. सगळे माझ्याकडे बघत होते, तेव्हा मी टाळ्या वाजवल्या.

शेठ माफी मागून गेला. शुभांगीने नंतर विचारलं, तुम्हाला राग आला नाही का? मी आठवून बघितलं. नव्हता आला.

तुझी जुनी पत्रं शुभांगीने वाचून दाखवली. त्यांत तू सारखी हसतेस. मी काहीतरी गमतीचं लिहीत असणार.

एक विचारायचं आहे. शुभांगी मोरीत जाऊन रडते. नळ सोडते, पण ऐकू येतं. मी दाराशी जाऊन उभा राहतो. पूर्वी मला काय करायचं ते कळत होतं, हे मला आठवतं. काय करत होतो ते आठवत नाही. आत जायचं असतं की बाहेर थांबायचं असतं? काही बोलायचं असतं का? तू नर्स आहेस, तुला ठाऊक असेल. नीट लिहून पाठव. मी तसं करीन.

तुझा,
कुंदन